कलिंगड बुडेल की तरंगेल? लहान मुलांना विज्ञान शिकवताना त्यांच्या डोक्यात काय चालतं

तिसरी-चौथीच्या वर्गात पाण्याने भरलेलं मोठं घमेलं ठेवायचं, शेजारी एक कलिंगड आणि एक टाचणी. "यातलं काय बुडेल?" असं विचारलं की जवळजवळ सगळी बोटं कलिंगडाकडे वळतात. "बाई, ते केवढं जड आहे!" मग दोन मुलं मिळून कलिंगड उचलतात, पाण्यात सोडतात आणि ते तरंगतं. टाचणी मात्र सरळ तळ गाठते. वर्गात एकच गलका होतो.

यानंतरच्या दहा मिनिटांत बाई काय करतात, यावर सगळं अवलंबून आहे. "बघा, कलिंगडाची घनता पाण्यापेक्षा कमी असते, लिहून घ्या" असं म्हणून त्या फळ्याकडे वळल्या, तर मुलं ते वाक्य वहीत उतरवतील आणि चाचणीत लिहितीलही. पण आठवड्याभराने त्याच मुलांना विचारा, लाकडाचा छोटा ढलपा तरंगतो, मग मोठा ओंडका टाकला तर? त्यातली बरीच जण सांगतील की ओंडका बुडेल, जड आहे ना. म्हणजे घनतेचं वाक्य वहीत राहिलं आणि डोक्यातला जुना नियम जागच्या जागी राहिला.

हे असं का होतं, हे कळलं की प्राथमिक शाळेतलं विज्ञान कसं शिकवायचं याची निम्मी वाट मोकळी होते. हा लेख त्यासाठीच आहे. शिक्षकांसाठी आहे, आणि घरी मुलांच्या प्रश्नांना तोंड देणाऱ्या आई-बाबा, आजी-आजोबांसाठीही.

मुलांचे स्वतःचे नियम

मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्याकडे जगाबद्दल बऱ्याच कल्पना तयार असतात. त्या त्याला कोणी शिकवलेल्या नसतात. दगड उचलला, पाण्यात टाकला, बुडाला. वाळकं पान टाकलं, तरंगलं. असं वर्षानुवर्षं पाहून त्याने स्वतःच नियम बसवला: जड ते बुडतं, हलकं ते तरंगतं. या नियमाने त्याचं रोजचं काम भागतं. तो चुकीचा असला तरी तर्काने काढलेला आहे, आणि हे शिक्षकाने मनापासून मान्य करायला हवं.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी गेल्या शतकात लहान मुलांशी निवांत गप्पा मारत अशा कल्पना गोळा केल्या. वारा कशाने येतो? झाडं हलतात म्हणून. ढग जिवंत आहे का? हो, तो चालतो. सूर्यही जिवंत, सायकलही जिवंत. मोठ्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पण झाडं हलतात तेव्हाच वारा लागतो, हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. फक्त कारण कोणतं आणि परिणाम कोणता, यांची अदलाबदल झाली आहे. मुलाने दोन गोष्टी जोडून पाहिल्या, हीच तर विज्ञानाची सुरुवात.

पृथ्वीचं उदाहरण याहून बोलकं आहे. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी 1992 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या 60 मुलांना त्यांनी पृथ्वीबद्दल प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली. "पृथ्वीचा आकार कसा?" याला बहुतेक मुलं "गोल" म्हणत. इथे थांबलं असतं तर सगळ्यांना पूर्ण गुण. पण संशोधकांनी पुढे विचारलं: सरळ चालत राहिलास तर कुठे पोचशील? पृथ्वीला कडा आहे का? कडेवरून पडशील का?

तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. काही मुलांची पृथ्वी गोल होती, पण भाकरीसारखी गोल, सपाट. काहींच्या मते पृथ्वी आतून पोकळ गोळा आहे आणि आपण त्याच्या आतल्या सपाट भागावर राहतो. काहींनी तर दोन पृथ्व्या मानल्या: एक आपल्या पायाखालची जमीन आणि दुसरी आकाशात असलेला, पुस्तकातल्या चित्रातला गोळा. मोठ्यांनी सांगितलेलं "पृथ्वी गोल आहे" आणि डोळ्यांना दिसणारी सपाट जमीन, या दोन्हींचा मेळ मुलांनी आपापल्या परीने घातला होता. पुढे याच संशोधकांनी हैदराबादच्या मुलांबरोबरही असं काम केलं. तिथे काही मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. आजूबाजूला ऐकलेल्या गोष्टीही मुलं आपल्या कल्पनेत विणून घेतात.

या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेतले गेले. मुलांना चित्र काढायला न लावता तयार चित्रांतून निवडायला सांगितलं तर त्यांची उत्तरं बरीच सुधारतात, आणि मुलांच्या कल्पना इतक्या पक्क्या बांधीव नसून विखुरलेल्या असतात, असं इतर संशोधकांनी दाखवलं. हा वाद शिक्षकाच्याही उपयोगाचा आहे. मूल एका दिवशी एक सांगतं, दुसऱ्या दिवशी दुसरं, आणि प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलतं. म्हणून एका प्रश्नावरून, एका रिकाम्या जागेवरून "याला येतं" किंवा "याला येत नाही" असा शिक्का मारू नये.

आपल्याकडे पाचवीच्या परिसर अभ्यासात सूर्यमाला येते. ती शिकवण्याआधी एक तास फक्त "तुझी पृथ्वी काढ आणि तिच्यावर तू कुठे उभा आहेस ते दाखव" एवढ्यासाठी द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. तीस चित्रं समोर पसरली की आपण कोणाला काय शिकवायला निघालो आहोत ते दिसतं. दक्षिण गोलार्धातली माणसं खाली का पडत नाहीत, हा प्रश्न बहुतेक मुलांच्या मनात असतो आणि तो कोणीच विचारत नाही.

पुन्हा घमेल्याकडे

आता कलिंगडाचा तास नीट पाहू. यातला प्रत्येक टप्पा कशासाठी आहे, ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

वस्तू पाण्यात टाकण्याआधी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहायचा किंवा चित्राने दाखवायचा, आणि "का?" तेही लिहायचं. पहिली-दुसरीतल्या मुलांनी तोंडी सांगितलं तरी चालेल. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी हमखास गाळला जातो, आणि तोच सगळ्यात मोलाचा आहे. अंदाज लिहिला नसेल तर वस्तू बुडाल्यावर मुलं प्रामाणिकपणे म्हणतात, "मला माहीतच होतं." मग चकित होणं राहून जातं आणि विचार करायचं कारणही. अंदाज चुकला म्हणून गुण जाणार नाहीत, हे मात्र आधी स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर सगळी वही शेजारच्या हुशार मुलाची नक्कल होते.

मग वस्तू पाण्यात. टाचणी टोक खाली करून सोडायची. हलक्या हाताने आडवी ठेवली तर ती पाण्याच्या पृष्ठताणावर, म्हणजे ताणलेल्या पापुद्र्यासारख्या वागणाऱ्या पृष्ठभागावर, कधी कधी टिकून राहते, आणि तासाची गाडी भलत्याच रुळावर जाते. तो वेगळा, छान तास आहे, पण वेगळा.

कलिंगड तरंगलं. आता बाईंनी लगेच उत्तर सांगायचं नाही. "असं का झालं असेल?" एवढंच विचारून गप्प राहायचं. पहिले काही क्षण शांतता असते, ती सोसावी लागते. मग एखादी मुलगी म्हणते, "त्यात पाणी भरलेलं असतं, म्हणून ते पाण्यात तरंगतं." लगेच दुसरा, "मग टोमॅटोतपण पाणी असतं!" तिसरा म्हणतो, "कलिंगड आतून पोकळ असतं." हे तिन्ही दावे तपासून बघता येण्यासारखे आहेत. टोमॅटो आणा, टाका. कलिंगड कापा, आत पोकळी आहे का बघा, एक फोड पाण्यात टाका, बाकीच्या खा. आपलं म्हणणं वस्तूला विचारून तपासता येतं, बाईंच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागत नाही, हे मुलाला याच क्षणी समजतं.

पुढचं पाऊल वस्तूंच्या निवडीत आहे, आणि इथे शिक्षकाची खरी तयारी दिसते. हाताला येतील त्या दहा वस्तू पाण्यात टाकल्या तर "हे बुडालं, ते तरंगलं" एवढाच तक्ता तयार होतो. वस्तू अशा निवडायच्या की प्रत्येक वस्तू मुलांचा आधीचा नियम मोडेल. आधी अख्खी मेणबत्ती आणि तिचा नखाएवढा तुकडा: दोन्ही तरंगतात. मोठा दगड आणि चिमूटभर खडी: दोन्ही बुडतात. म्हणजे लहान-मोठं यावर काही ठरत नाही, कशाचं बनलंय त्यावर ठरतं. मुलं या नव्या नियमावर खूश होतात. तेव्हा स्टीलचा चमचा टाकायचा, तो बुडतो. आणि स्टीलची वाटी अलगद ठेवायची, ती तरंगते. पुन्हा गलका. वाटीत पाणी भरलं की ती बुडते. मग सालासकट संत्रं: तरंगतं. सोललेलं संत्रं: बहुधा बुडतं, म्हणजे वजन कमी झालं आणि तरी बुडलं! सालीत काय आहे, असा प्रश्न आता मुलं स्वतःच विचारतात. सालीच्या आतला पांढरा, हवेने भरलेला मऊ थर हाताने चाचपून बघितला की त्यांना दुवा लागतो.

इथपर्यंत घनता हा शब्द आलेला नाही आणि चौथीपर्यंत तो यायची गरजही नाही. "आपल्या आकाराच्या मानाने जड" आणि "आपल्या आकाराच्या मानाने हलकं" एवढं मुलाच्या तोंडून आलं तरी मोठं काम झालं. पाचवीत दोन सारख्या वाट्या घेऊन एकीत काठोकाठ पाणी आणि दुसरीत काठोकाठ तेल भरून तराजूत ठेवता येतात. जागा सारखी, वजन वेगळं, आणि तेल पाण्यावर का तरंगतं याचं उत्तर समोर. सूत्र नंतर माध्यमिक शाळेत येईल, तेव्हा ते कशाबद्दल आहे हे मुलाला आधीच माहीत असेल.

शेवटी साध्या पाण्यात बुडालेला बटाटा घ्यायचा आणि पाण्यात मीठ विरघळवत जायचं. भरपूर मीठ झालं की बटाटा वर येतो. बटाटा तोच, पाणी बदललं. कोकणातल्या किंवा भंडारा-गोंदियाकडच्या शाळेत इथे थांबून विचारावं: पेरणीआधी घरी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात, ते कोणी पाहिलंय? दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, म्हणजे 3 टक्क्यांचं द्रावण करायचं, वर तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं आणि तळाला बसलेलं भरीव बी धुऊन सुकवून पेरायचं, ही शेती खात्याची नेहमीची शिफारस आहे. मुलाने शाळेत जे केलं तेच त्याचे आजोबा खळ्यावर करतात. परिसर अभ्यास हे नाव सार्थ होण्याची ही जागा.

पाणी गेलं कुठे?

दुसरं एक उदाहरण थोडक्यात, कारण त्यातून प्रयोग कसा आखायचा ते शिकवता येतं. ओली फरशी वाळली, पाणी कुठे गेलं? मुलांची उत्तरं: फरशीने शोषलं, उन्हाने पिऊन टाकलं, संपलं, ढगात गेलं. शेवटचं उत्तर पुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रातून आलेलं असतं आणि ते बरोबर वाटतं. पण त्या मुलाला विचारा, रात्री, घरात, छपराखाली वाळत घातलेल्या शर्टातलं पाणी ढगात कसं गेलं? मग गडबड होते. पाणी वाफ होऊन आसपासच्या हवेतच मिसळतं, ही मधली पायरी चित्रात दिसतच नाही.

"फरशीने शोषलं" म्हणणाऱ्याला चुकीचं ठरवायची घाई नको. फरशी खरंच थोडं पाणी शोषू शकते. त्याला विचारा, "मग असं कशावर पाणी ठेवलं तर तुझं म्हणणं तपासता येईल?" जरा विचार करून मुलं स्टीलच्या ताटापर्यंत येतात. स्टील काही पाणी शोषत नाही. ताटात दोन चमचे पाणी पसरून ठेवलं आणि तेही नाहीसं झालं, तर शोषण्याचा मुद्दा निकालात निघतो. "उन्हाने प्यायलं" यासाठी एक ताट उन्हात, एक सावलीत. दोन्ही ताटं सारखी, दोन्हींत पाणी सारखंच, फरक फक्त उन्हाचा.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मुलांना आपोआप सुचत नाही. ती उत्साहाच्या भरात एका ताटात जास्त पाणी ओततात, दुसरीकडे वाटीच घेतात. ओरडून उपयोग नाही. "उन्हातलं आधी वाळलं, पण त्यात पाणी कमी होतं, मग ऊन जिंकलं की कमी पाणी?" असं विचारलं की मुलं स्वतःच म्हणतात, "हे बरोबर नाही, परत करू." शर्यतीत दोघांनी एकाच रेषेवरून पळायला हवं, हा न्याय मुलांना मैदानावर पक्का ठाऊक असतो. बाष्पीभवन हा शब्द या सगळ्यानंतर द्यावा. आधी दिला तर तो पाठ होतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

सावलीचं निरीक्षण तर एका काठीत होतं. अंगणात काठी रोवायची आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा. दुपारी बारा वाजता सावली नाहीशी होते, असं मोठी माणसंसुद्धा सांगतात. प्रत्यक्षात वर्षातले बहुतेक दिवस ती नाहीशी होत नाही, फक्त सगळ्यात आखूड होते, आणि तीही घड्याळात बाराला नाही. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही मिनिटं दिसेनाशी होते. मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: मुंबईत साधारण 15 मे, दुपारी साडेबाराच्या जरा पुढे, नागपुरात त्याच्या दहा-अकरा दिवसांनंतर, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. दुसरी पाळी जुलै-ऑगस्टच्या ढगांत हरवते आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणून हे काम घरच्यांनी मनावर घ्यावं. मामाच्या गावी गेलेल्या मुलाने तिथली तारीख आणि आपल्या गावची तारीख वेगळी आली हे पाहिलं, तर गोल पृथ्वीबद्दल विचार करायला त्याला चांगलं निमित्त मिळेल.

सगळं मुलांवर सोडायचं का?

कृतीतून शिक्षणाचा पुरस्कार करताना एक चूक फार होते. साहित्य मुलांच्या हातात दिलं की ती आपोआप शिकतील, असं मानलं जातं. तसं होत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी 2004 मध्ये अनेक दशकांतल्या संशोधनाचा आढावा घेऊन हेच मांडलं: काहीही मार्गदर्शन न करता मुलांना सगळं स्वतः शोधायला सोडलं, तर त्यांचं शिकणं तोकडं पडतं, नेमके प्रश्न, इशारे आणि योग्य वेळी दिलेलं स्पष्टीकरण लागतंच. हात चालले तरी डोकं चालेलच असं नाही. आपल्याकडे ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान उभारतं या विचाराची, लाट आली तेव्हा बऱ्याच शाळांच्या फरशा रंगल्या, तक्ते लागले, साहित्यपेट्या आल्या. ज्या वर्गात शिक्षक मुलाचं उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलतात, तिथे त्याचा उपयोग झाला. इतरत्र रंग उरला.

म्हणून सांगण्याचीही वेळ असते. मुलांनी अंदाज केला, पाहिलं, भांडून झालं, आणि दोन-तीन कल्पना फळ्यावर आल्या, की शिक्षकाने स्वच्छ शब्दांत सांगावं: शास्त्रज्ञ याचं असं स्पष्टीकरण देतात, आणि तुमच्यातल्या अमुकची कल्पना त्याच्या जवळ जाते. आता ते सांगणं मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर असतं. काही गोष्टी तर वर्गात कधीच सापडणार नाहीत. जंतू, चंद्राचं अंतर, डायनासोर यांबद्दल सांगावंच लागतं, आणि हे माणसांना कसं कळलं, त्याची गोष्ट सांगता आली तर उत्तम.

शिक्षकाला उत्तर माहीत नसेल तर? प्राथमिक शाळेत बऱ्याच शिक्षकांचं शिक्षण कला शाखेतून झालेलं असतं, आणि विज्ञानाच्या तासाची त्यांना धास्ती वाटते, हे मी जवळून पाहिलं आहे. ती धास्ती समजण्यासारखी आहे. पण "मला माहीत नाही, आपण शोधू" हे वाक्य म्हणून प्रश्न भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवला आणि खरंच आठवड्याने त्याकडे परत आलो, तर मुलांना शिकण्याची सगळ्यात चांगली रीत प्रत्यक्ष बघायला मिळते. परत येणं मात्र चुकवायचं नाही.

या रीतीने शिकवणं भारतात नवीन नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. तो सहावी ते आठवीसाठी होता, पण प्राथमिकच्या शिक्षकानेही त्यातून घेण्यासारखं खूप आहे. मुलं गटात प्रयोग करत, पुस्तकात उत्तरांऐवजी प्रश्न असत, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवता येई आणि प्रयोगाचीही परीक्षा असे. मुलांच्या प्रश्नांसाठी सवालीराम नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहीत आणि त्यांना उत्तरं येत. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, पुढे एकलव्य संस्थेने तो इतर जिल्ह्यांतही नेला, आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षं सरकारी शाळांतल्या साध्या शिक्षकांनी हे करून दाखवलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. विज्ञान खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता टेल्को या वाहन कंपनीतल्या नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन याच कार्यक्रमात गेले आणि तिथेच काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवण्याची त्यांची युक्ती जन्मली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1974 पासून मुलांच्या कल्पनांचा अभ्यास केला आणि प्राथमिक वर्गांसाठी कृती-प्रश्नांवर उभी असलेली पुस्तकं केली.

दोन शिक्षक, पाच वर्ग

"हे सगळं ठीक, पण माझ्याकडे एका खोलीत तीन वर्ग आहेत." हा आक्षेप खरा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत 60 पर्यंत पट असेल तर दोनच शिक्षक मिळतात. आपल्या असंख्य जिल्हा परिषद शाळा अशाच द्विशिक्षकी आहेत. तरी मला वाटतं, विज्ञान हा विषय बहुवर्ग अध्यापनाला इतरांपेक्षा जास्त सोयीचा आहे, कारण घमेलं एकच पुरतं. पहिली-दुसरीची मुलं वस्तूंचे दोन गट करतात आणि नावं सांगतात. तिसरी-चौथीची मुलं अंदाज आणि निकाल असा तक्ता भरतात. पाचवीची मुलं तराजू घेऊन वजनं करतात आणि लहानांना समजावतात. समजावताना त्यांचं स्वतःचं गणित पक्कं होतं.

साहित्य घरातलं आणि गावातलं पुरतं. फक्त काही बाबतींत जपायला हवं. विजेचे प्रयोग टॉर्चच्या सेलवरच करायचे, घरातल्या सॉकेटला मुलांनी हात लावायचा नाही, हे दर वेळी सांगायचं. पूर्वीचा तारेचा छोटा बल्ब आता दुकानात मिळणं अवघड झालंय. एलईडी वापरायचा तर त्याचे पाय उलटे लावल्यास तो पेटत नाही, हे आधी स्वतः करून बघावं. आणि नाण्यासारखे चपटे बटण सेल लहान मुलांपासून लांब ठेवावेत. गिळले गेले तर जिवावर बेतू शकतं.

विज्ञान प्रदर्शनाबद्दलही एक बोललं पाहिजे. थर्माकोलचा ज्वालामुखी आणि विकत आणलेली पवनचक्की घेऊन मूल उभं राहतं, पाठ केलेलं घडाघडा म्हणतं आणि बक्षीस घेतं. त्यामागे बाबांची रात्रभराची मेहनत असते. त्याऐवजी "आमच्या गल्लीतली चिमणी दिवसातून कितीदा पिल्लांना भरवते?" असा प्रश्न घेऊन आठवडाभर नोंदी केलेलं मूल मांडणीत साधं दिसेल, पण परीक्षकांनी त्याच्याकडे थांबून चार प्रश्न विचारावेत. केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रदर्शनात, एवढा बदल झाला तरी शाळांना काय करायचं ते आपोआप कळेल.

राहिलं मूल्यमापन. आकारिक नोंदीत, म्हणजे वर्षभर मुलाबद्दल शिक्षक करतात त्या नोंदीत, "विज्ञानात रुची घेतो" असं लिहिण्यापेक्षा मुलाने काय म्हटलं ते त्याच्या शब्दांत लिहावं: "वाटी तरंगते कारण तिच्या पोटात हवा आहे असं म्हणाली, वाटीला भोक पाडलं तर काय होईल हे स्वतः विचारलं." आणि चाचणीत शिकवलेलीच वस्तू विचारू नये. नवी विचारावी. नारळ घ्या: सोडण असलेला एक, सोललेला एक. दोन्हींबद्दल अंदाज आणि कारण लिहा. अंदाज चुकला पण कारण विचार करून दिलं असेल तर त्याला गुण द्यावेत, आणि नुसतं "घनता कमी" लिहिलं असेल तर त्या मुलाला बोलावून विचारावं, म्हणजे काय रे? दीड-दोन महिन्यांनी, सगळे विसरून गेले असताना, लाकडाच्या ओंडक्याचा प्रश्न पुन्हा टाकावा. तेव्हा किती हात "बुडेल"साठी वर जातात ते मोजून ठेवावं, आणि पुढच्या वर्षी हा तास घेताना तो आकडा जवळ असू द्यावा.